गोचीड, माश्या आणि इतर चावणारे

कुठेही जेवायला बसले की कोणीतरी म्हणतंच, "डॉक्टर, घोड्यांचं काहीतरी सांगा ना!" एक किस्सा सांगितला की त्याच्या मागून दुसरा आठवतो, मग तिसरा. ठरवून एकही जमवला नाही. मी रोज कामावर गेले आणि ते साठत गेले. अडचण एवढीच, की लोक हसायला लागतात आणि माझा आवाज चढत जातो. मग नवरा टेबलाखालून पाय मारतो. आज तो बाहेरगावी आहे!

पुण्यात दर महिन्याला एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीची पाटी लागत होती, तेव्हाची ही गोष्ट. मी एका ट्रस्टच्या फिरत्या दवाखान्यात होते. टांग्याचे, वरातीचे, बागेत मुलांना फिरवणारे घोडे हे आमचे पेशंट. एक व्हॅन, एक मी आणि एक कंपाउंडर, गायकवाड. गायकवाड दिवसभरात दहा वाक्यं बोलायचे, त्यातली नऊ लागायची.

आणि हौसाबाई. पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या फडांशेजारी त्यांचा तबेला. नवरा गेल्यावर चांदणी आणि रूपा या वरातीच्या दोन घोड्या त्यांनी एकटीने सांभाळल्या. माझे निम्मे किस्से त्यांच्याच दारातले.

*

धायरीच्या एका मंगल कार्यालयाजवळच्या पीसीओवरून हौसाबाईंचा फोन आला. "डॉक्टरबाई, चांदणी लाल मुततीया!"

पोचलो. घोडीला सणसणून ताप, हिरड्या पांढऱ्याफटक, कानांच्या आत आणि शेपटीखाली टम्म फुगलेले गोचीड. गोचीड चावताना रक्तात जंतू सोडतात आणि ते जंतू तांबड्या पेशी फोडत सुटतात. घोडी पायांवर उभी होती हेच नवल. अंगावर मात्र जरीची झूल आणि कपाळावर मोत्यांच्या माळा!

"हिच्यावर कोणीही बसणार नाही," मी सांगितलं.

नवऱ्या मुलाचे काका पुढे आले. "अहो, जेमतेम एक किलोमीटर आहे. तोही उतार!"

"उतार असला तरी वजन तेवढंच असतं."

"म्हणजे? अमेरिकेहून आलेल्या मुलाने लग्नाला चालत जायचं? लोक काय म्हणतील?"

गायकवाड सलाइनची बाटली झाडाला टांगत होते. मान वर न करता म्हणाले, "पाय आहेत म्हणतील."

*

चांदणी महिन्याभरात सावरली. पण हौसाबाईंनी गोचिडांची धास्तीच घेतली आणि त्या औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने म्हशीच्या गोचिडांवरची बाटली हातात ठेवली. हौसाबाईंनी ती रूपाच्या अंगभर चोळली.

ते औषध म्हशीला चालतं. घोड्याची मात्र त्याने आतडी थंड पडतात. रूपा दोन दिवस पोट दुखून जमिनीवर लोळत होती. पोटाला कान लावला तर आत काहीच हलत नव्हतं. नळीने तेल पाज, सलाइन लाव, उठवून चालव, असं करत तिसऱ्या दिवशी तिने लीद टाकली. ती लीद बघून हौसाबाई हुंदके देऊन रडल्या.

मी तडक दुकानात गेले.

"घोड्याला म्हशीचं औषध दिलंत?"

"जनावर ते जनावर," दुकानदार म्हणाले.

"मग तुम्हाला ताप आला तर मी बैलाचं इंजेक्शन देऊ?"

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "डोस माझ्या वजनाप्रमाणे द्याल ना?"

*

पुढचा उन्हाळा संपत आला, तेव्हा त्या भागात चावऱ्या माश्या इतक्या झाल्या की घोड्यांच्या पायांवरून रक्ताचे ओघळ यायचे. फवारणी करा म्हणून मी एका सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेले. क्लार्कने तो दोनदा वाचला.

"डास आमच्याकडे. माशी शेजारच्या टेबलाकडे."

शेजारच्या टेबलाने वाचला. "घरातली माशी आमच्याकडे. घोड्याला चावणारी माशी जनावरांच्या खात्याकडे."

"आणि तीच माशी मला चावली तर?"

"तर मॅडम, तुम्ही खासगीत दाखवा!"

घरी येऊन हे वडिलांना सांगितलं. ते नुकतेच सरकारी नोकरीतून रिटायर झाले होते. वाटलं, ते तरी चिडतील. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "अर्जाच्या तीन प्रती जोडल्या होत्यास का?"

*

ज्याची भीती होती तेच झालं. रूपा भरपेट खाऊनही वाळायला लागली. ताप यायचा, जायचा. पोटाखाली सूज, चालताना मागचे पाय डुलायचे. हा सर्रा नावाचा रोग. एका घोड्याला चावलेली माशी दुसऱ्याला चावते आणि रक्तातले जंतू पोचवते. मी तबेल्यातच रक्ताचा थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोप लावला. जंतू अळ्यांसारखे वळवळत होते. हौसाबाई म्हणाल्या, "मला बी बघू द्या."

बराच वेळ डोळा लावून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाचत्यात की वो! माझ्या घोडीच्या आतच वरात काढलीया मेल्यांनी!"

गायकवाड पहिल्यांदाच हसले. मीही हसले. त्यानंतर मात्र हसण्यासारखं काही झालं नाही. सर्र्याच्या इंजेक्शनसाठी आम्ही सगळं शहर पालथं घातलं. स्ट्रॉबेरीच्या वासाचा कुत्र्यांचा इम्पोर्टेड शाम्पू प्रत्येक दुकानात होता. सर्र्याचं इंजेक्शन एकातही नाही. "हल्ली घोड्याचं काही खपत नाही, मॅडम!" मुंबईहून पार्सल यायला पाच दिवस लागले. रूपा चौथ्या दिवशी गेली.

ते इंजेक्शन चांदणीला टोचलं. तिच्याही रक्तात जंतू सापडले होते.

*

चांदणीची विश्रांती चालू असताना एका कंपनीतून फोन आला. त्यांचा एथनिक डे. गेटवर सजवलेली घोडी हवी, आणि गेस्ट फॉरेनचे म्हणून डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेटही हवं.

"घोडी आजारी आहे," मी म्हणाले.

"ओके मॅडम. मग हाफ डे?"

"आजारी आहे! तिला ताप येतोय!"

"मॅडम, आमच्याकडे ताप असला तरी सगळे लॉगिन करतात."

फोन ठेवला आणि मला पहिल्यांदाच त्यांच्या इंजिनिअरांची काळजी वाटली.

*

आता शेवटचा. तबेल्याला लागून एक मोठी सोसायटी उभी राहिली होती. तिच्याकडून हौसाबाईंना नोटीस आली: घोड्यामुळे माश्या होतात, तबेला पंधरा दिवसांत हलवा. त्या नोटिशीचा विषय पुढे कोणी काढला नाही. का, ते सांगते.

तबेल्यामागे सोसायटीच्याच सांडपाण्याचा पाइप उघडा सोडलेला होता. तिथे कायमचा चिखल आणि त्या चिखलात माश्यांची पैदास. मी फोटो काढले, पत्र लिहिलं. मीटिंगचं बोलावणं आलं. क्लब हाउस, एसी, खिडक्या बंद, खुर्च्यांवर वीसेक मेंबर. मी चिखलाचे फोटो टेबलावर मांडले.

चेअरमननी ते न बघताच बाजूला सारले. "डॉक्टर, आम्ही इथे शांततेसाठी फ्लॅट घेतलेत."

"घोडे तुमच्या आधीपासून इथे आहेत."

"मग बुकिंगच्या वेळी तसं सांगायला हवं होतं!"

"कोणी? घोड्यांनी?"

"हे बघा, माश्या तुमच्या घोड्याच्या आहेत. आमच्या सोसायटीत माश्या नाहीत. विषय संपला."

हौसाबाई तोवर दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदराआडून लोणच्याची बरणी काढली. तोंडाला फडकं बांधलेलं, आणि आत सकाळपासून चांदणीच्या अंगावरून धरलेल्या माश्या, काळ्याभोर, जिवंत. त्यांनी बरणी टेबलाच्या मधोमध ठेवली आणि फडक्याची गाठ सोडली.

एका क्षणात वीसच्या वीस मेंबर उभे! कोणी फाइल आपटतंय, कोणी स्वतःच्याच गालावर मारतंय. चेअरमन मान चोळत ओरडले, "अहो बाई, दार उघडा! आधी दार उघडा!"

हौसाबाई दाराला पाठ लावून उभ्या.

"उघडते की. पर आधी एवढं सांगा सायेब, माझी घोडी दाव्याला बांधल्याली असती. तिनं कंचं दार उघडायचं?"