पेन्सिलीतला डोंगर

लिफ्टवाले काका जिना चढताना दिसले, की त्या सतरा मजली इमारतीतल्या लोक लिफ्टमध्ये पाय ठेवायला कचरत. साहजिकच होतं. हॉटेलचा स्वयंपाकी घरून डबा घेऊन येताना दिसला तर गिऱ्हाईक काय समजेल? तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं असायचं, आत दिवा आणि पंखा चालू असायचा, आणि बावीस वर्षं त्या लिफ्टची देखभाल केलेला माणूस पाठीवर नऊ किलोची सॅक अडकवून तिच्याकडे ढुंकूनही न बघता जिन्याकडे वळायचा.

"काका, बिघडलीय का?"

"नाही हो. उत्तम आहे. बसा तुम्ही."

"मग तुम्ही जिन्याने?"

"मला डोंगर चढायचाय."

 दोघंतिघं मुकाट्याने त्यांच्यामागून जिनाच चढायला लागत. तिसऱ्या आठवड्यात इमारतीच्या व्यवस्थापकाने त्यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, की एक तर लिफ्ट ठीक असल्याची पाटी लावा, नाहीतर तुमचा डोंगर दुसऱ्या कुणाच्या इमारतीत चढा. काकांनी पाटी लावली. 'लिफ्ट चालू आहे. मेकॅनिक हौसेने जिन्याने जात आहे.' ती वाचून उरलेसुरले लोकही जिन्याने जायला लागले.

हौस म्हणाल तर होती, पण ती उशिरा लागलेली. नवव्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी दोन वर्षांपूर्वी रद्दीतलं एक कॅलेंडर त्यांना दिलं होतं. त्यात दूर देशातला एक डोंगर होता, खाली जंगल आणि डोक्यावर बर्फ. काकांनी ते पान कापून गच्चीवरच्या मशीनरूममध्ये चिकटवलं आणि त्याची उंची मजल्यांत काढली. पायथ्यापासून तेराशे मजले. म्हणजे ही इमारत शहात्तर वेळा चढायची. चौतीस वर्षं आपण सगळ्या गावाला वर नेऊन सोडतो आणि आपण स्वतः कधी मशीनरूमच्या वर गेलो नाही, ही गोष्ट त्या दिवशी त्यांच्या मनाला लागली. वय अठ्ठावन्न. उजवा गुडघा कुरकुरायला लागलेला. आता नाही तर कधीच नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

प्राण्यांची हौस मात्र बायकोची, आणि ती फार जुनी. ती मुलांच्या हॉस्पिटलात आया होती. तीस वर्षांत वॉर्डातल्या शेकडो पोरांनी तिला मावशी म्हटलं होतं, त्यामुळे गल्लीतही ती मावशीच झाली. सुई टोचायची वेळ आली की मावशी पोराचा हात हातात घेऊन हत्तींची गोष्ट सुरू करायची. तळ्यावर संध्याकाळी कळप येतो, सगळ्यात पुढे म्हातारी हत्तीण असते, पिल्लं आईच्या पोटाखालून चालतात. "तू पाहिलेस, मावशी?" असं पहिल्यांदा कुणीतरी विचारलं तेव्हा ती "हो तर" म्हणून बसली. मग काय, दर वर्षी कळपात दोन-चार हत्तींची भर पडत गेली. प्रत्यक्षात तिने हत्ती पाहिला होता तो चित्रात.

तर असं ठरलं की एकाच प्रवासात दोन्ही करायचं. आधी काकांचा डोंगर, मग मावशीचं जंगल. मावशीची सोळा दिवसांची रजा मेट्रनबाईंनी खळखळ करत मंजूर केली आणि बजावलं, की सतराव्या दिवशी सकाळी सात वाजता तू मला वॉर्डात दिसली पाहिजेस. लेकीने विमानाची तिकिटं काढून दिली. "आई-बाबा, फिरायला म्हणून लोक समुद्रावर जातात," एवढंच ती म्हणाली.

काकांनी आराखडा केला तो त्यांच्या कामाच्या रीतीने. प्रत्येक लिफ्टच्या मशीनरूममध्ये एक पुठ्ठ्याचा तक्ता असतो. करायचं काम त्यावर पेन्सिलीने लिहायचं, आणि झालं की त्यावरून पेन फिरवून सही करायची. झालं नाही ते पेनाने लिहायचं नाही, हा उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. एका सहकाऱ्याने एकदा उद्याची ब्रेकची तपासणी आजच पेनाने लिहून टाकली, तर काका त्याच्याशी आठ दिवस बोलले नव्हते. तसाच एक कोरा तक्ता त्यांनी घरी आणला, त्यावर सोळा चौकोन आखले आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतून टाचणीने लावला. पहिले दोन दिवस प्रवास. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत डोंगर, त्यात सातव्या दिवशी पहाटे शिखर. नववा दिवस डोंगरापासून जंगलापर्यंत गाडीत. दहा ते चौदा प्राणी. शेवटचे दोन परतीचे. चौदाव्या चौकोनात लिहिलं होतं: 'तळं. हत्ती.' ते तळं जंगलाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं, म्हणून ते शेवटी.

"आणि तुम्ही डोंगरावर असताना मी सहा दिवस काय करू?" मावशीने विचारलं होतं.

"पायथ्याशी खोली घेतलीय. व्हरांडा आहे. बसून राहा."

मावशीने विचार केला. "तीस वर्षांत सहा दिवस सलग मला कुणी हाक मारली नाही असं झालेलं नाही," ती म्हणाली. "बसते."

इथवर सगळं सुरळीत होतं. मग एका बुधवारी सकाळी, मावशी कामावर गेल्यावर, चढाई नेणाऱ्या संस्थेतल्या बाईंचा फोन आला. बोलायला गोड होत्या, पण मुद्द्याला पक्क्या.

"तुमचं वय आत्ता पाहिलं मी. पंचावन्नच्या पुढच्यांना आम्ही सात दिवसांचा मार्ग सुचवतो. सहा दिवसांत शरीराला उंचीची सवय होत नाही. तुमच्या वयाचे निम्मे लोक शेवटच्या मुक्कामावरून परत फिरतात."

"आणि सात दिवसांत?"

"बहुतेक सगळे पोचतात. तो एक दिवस फार महत्त्वाचा असतो. शनिवारपर्यंत कळवा."

फोन ठेवून काकांनी कपाटाचं दार उघडलं आणि तक्त्यासमोर उभे राहिले. प्रवासाचे दिवस हलणारे नव्हते, तिकिटं निघाली होती. गाडीचा दिवस हलणारा नव्हता, रस्ता तेवढा लांब होता. रजा वाढणारी नव्हती. उरले प्राणी. पाच दिवस काय आणि चार दिवस काय, त्यांनी मनाशी म्हटलं. जिराफ दिसतील, झेब्रे दिसतील, नशीब असेल तर सिंह. हत्ती काय, वाटेतही एखादा भेटेल. माणसाला स्वतःची समजूत काढायची असली की वकील लागत नाही. त्यांनी खोडरबर घेतलं, तळं खोडलं, बाकीचे चौकोन एकेक घर पुढे सरकवले आणि दार लावून टाकलं. संध्याकाळी मावशीला सांगायचं असं ठरवलं. संध्याकाळी ती दमलेली दिसली. दुसऱ्या दिवशी हे स्वतःच दमलेले होते.

शुक्रवारी मावशीच्याच हॉस्पिटलातून तक्रार आली. लिफ्टचा बजर कमी माणसांतही वाजतोय. काका गेले तेव्हा नातेवाइकांच्या भेटीची वेळ होती आणि लिफ्टमध्ये माणसं खच्चून भरली होती. बजर वाजत होता आणि सगळे छताकडे बघत होते, जणू वजन तिथे आहे. असल्या वेळी कोणीच उतरत नाही, हा चौतीस वर्षांचा अनुभव.

"बजर बरोबर वाजतोय," काका म्हणाले. "शेवटी कोण चढलं?"

हातात फुगे घेतलेले एक धिप्पाड गृहस्थ ओशाळले. "मी."

"मग तुम्ही उतरा. शेवटी आलेल्याने उतरायचं."

गृहस्थ फुग्यांसकट उतरले आणि बजर थांबला. गर्दी ओसरल्यावर काकांनी तरी सगळं तपासलं, पुठ्ठ्यावर पेनाने लिहिलं, आणि आलोच आहोत तर मावशीला तोंड दाखवावं म्हणून चौथ्या मजल्यावर गेले. मावशी कपडे आणायला खाली गेली होती. खिडकीजवळच्या खाटेवर पायाला प्लास्टर घातलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी बसली होती. तिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही मावशीचे काका ना? डोंगरवाले?"

"हो."

"तुमचे चौकोन कंटाळवाणे आलेत. डोंगर, डोंगर, डोंगर. सगळे सारखेच."

तिने बोटाने भिंत दाखवली. भिंतीवर मोठा कागद होता आणि त्यावर सोळा चौकोन, अगदी घरच्या तक्त्यासारखे. मावशीने सांगितल्याप्रमाणे तिने काढले असणार. सहा चौकोनांत तिरप्या रेघांचे डोंगर होते. चौदावा चौकोन मात्र दुप्पट मोठा होता आणि शेजारच्या दोन चौकोनांना ढकलून बसला होता. त्यात इतके हत्ती होते की तळ्याला जागा उरली नव्हती. खाली लिहिलं होतं, 'खरे हत्ती:', आणि पुढे एक कोरी रेघ.

"ही रेघ कशाला?"

"मावशी मोजून येणार आहे." मुलगी त्यांच्याकडे जरा संशयाने बघायला लागली. "तिने हत्ती पाहिलेच नाहीयेत. तुम्हाला माहीत नाही?"

"आहे की. पण तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. एकदा वीस म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी चाळीस, म्हणून मी विचारलं. मग ती तिथे त्या स्टुलावर बसली आणि सगळ्यांना म्हणाली, मी खोटं सांगत होते. आता जाऊन मोजून येते. तेव्हा मी घरी गेलेली असेन, पण मी तिला पत्ता लिहून दिलाय."

काकांनी "बरं" म्हटलं. तीस वर्षं सांगितलेली गोष्ट खोटी होती हे आपल्या बायकोने वीस पोरांसमोर स्टुलावर बसून कबूल केलं, आणि आपल्याला एक खोडलेला चौकोन दोन दिवस सांगता आला नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. मावशी यायच्या आत ते जिन्याने खाली निघाले. सतरा मजले चढताना न थांबणारा माणूस चार मजले उतरताना दोनदा थांबला.

संध्याकाळी मावशी चहा घेऊन बसली तेव्हा त्यांनी प्रस्तावना केली नाही.

"चौदावा दिवस मी काढला."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"बुधवारपासून. खोडरबराचा चुरा ओट्यावर पडला होता. मीच पुसला."

काकांनी कप खाली ठेवला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना बरं वाटलं असतं. "मागितला असतात तर दिला असता."

"आणि पोरांना काय सांगितलं असतंस? मी आज पाहिला तो कागद."

"खरं सांगितलं असतं. एकदा सांगितलंय, आता सोपं झालंय."

मग काकांनी फोनवरच्या बाईंचं सगळं सांगितलं. निम्मे लोक परत फिरतात ते, आणि उद्याचा शनिवारही. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि चहा संपवला.

"मग अजून वेळ आहे," ती म्हणाली. "आता मागा."

ती मनापासून म्हणत होती, हे तिच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. आणि काकांना तो दिवस हवा होता. खोटं कशाला बोला? सव्वाबाराशे मजले चढून शेवटच्या साठ-सत्तर मजल्यांसाठी माघारी फिरायचं, पुन्हा कधी यायचं नाही, आणि मशीनरूममधलं ते चित्र निवृत्त होईपर्यंत रोज बघायचं, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता.

"हत्ती आधीपासून होते," शेवटी ते म्हणाले. "डोंगर मागाहून आला. गर्दी त्याने केली."

"असं काही नसतं."

"आमच्यात असतं."

शनिवारी सकाळी मावशीच्या समोरच त्यांनी फोन लावला. सहा दिवसांचाच मार्ग, म्हणाले. बाईंनी पुन्हा सगळं समजावलं. काकांनी ऐकून घेतलं, वाटेत दम लागला तर हट्ट करणार नाही असं कबूल केलं आणि फोन ठेवला. मग कपाटाचं दार उघडून त्यांनी चौकोन एकेक घर मागे आणले. चौदाव्या चौकोनात खोडलेल्या अक्षरांचे वळ अजून होते, त्यांच्यावरूनच त्यांनी पुन्हा लिहिलं. तळं. हत्ती. मग पेन्सिल कानावर ठेवली, खिशातलं पेन काढलं, त्याच अक्षरांवरून सावकाश फिरवलं आणि खाली सही केली.

मावशी बघतच राहिली. चौतीस वर्षांचा संसार तिने या माणसाबरोबर काढला होता.

"अहो, अजून व्हायचंय ते."

"होणारच आहे."

तिने जवळ येऊन तक्ता नीट पाहिला. बाकी पंधरा चौकोन पेन्सिलीचेच होते. सातव्यावर तिने बोट ठेवलं.

"आणि शिखर?"

काकांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं. सॅक खांद्यावर घेतली. शनिवार होता, सतरा मजले वाट बघत होते.

"ते झाल्यावर," ते म्हणाले.