न कळलेल्या शब्दांची टिंबं

घरी पत्र आलं की आई 'मला वाचता येत नाही' असं सांगून ते शेजाऱ्यांकडून वाचून घ्यायची. मी मात्र शिकून नेदरलँड्सला आले. मध्ययुगाचा अभ्यास विद्यापीठांत कसा सुरू झाला, हा माझ्या प्रबंधाचा विषय. लॉकडाऊनमध्ये जुन्या कागदपत्रांचा दप्तरखाना बंद झाला आणि हाती उरले पहिल्या अभ्यासकांच्या पत्रांचे पुसट फोटो. प्रबंध अडला.

मी राहायचे त्या उइटहॉर्न गावात नदीकाठच्या बाकावर एक निवृत्त दप्तरदार रोज बसायचे. मी फोटो बाकावर ठेवून दीड मीटर मागे सरायचे, मग ते भिंग काढून अक्षर लावून द्यायचे.

एकदा त्यांनी माझी वही पाहिली. "हा शब्द अंदाजाने ठोकलास ना? कळलं नाही तिथे टिंबं दे, मुली. 'वाचता येत नाही' म्हणायला न लाजणाऱ्यांनीच हा विषय उभा केला."

मला आई आठवली.

टिंबांसकट प्रबंध मंजूर झाला. आमच्या घरातला पहिला.