ठेकेदाराच्या पोटावरची उशी

"हे पोट जेवणानं सुटलेलं नाही," चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले. "पानथरी, म्हणजे डाव्या बरगडीखालची प्लीहा, सुजली आहे. रक्तात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्यात. ल्युकेमिया वाटतो. म्हणजे रक्ताचा कॅन्सर."

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांतला विनोदी नट. तेंदूपत्त्याचा ढेरपोट्या ठेकेदार ही माझी हुकमी भूमिका. त्यासाठी माझी बायको सुमन माझ्या पोटावर उशी बांधायची. त्या हंगामात पोट आपोआप सुटलं आणि मी उशी कोपऱ्यात भिरकावली! "अस्सल माल, हात लावून पाहा!" असं सगळ्यांना सांगत फिरलो. दोन घासांत पोट भरायचं, झोपेत बनियन घामानं भिजायचं. तिकडे लक्षच दिलं नाही. तुम्ही द्या. डाव्या बरगडीखाली जड वाटलं तर टाळ्यांवर भुलू नका.

मग नागपूर. बोन मॅरो तपासणी, म्हणजे कमरेच्या हाडातला मगज सुईनं काढणं. जागा बधिर केली होती, तरी तो ओढताना पायातून जीव निघाल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, "क्रॉनिक मायलॉइड, म्हणजे हळू वाढणारा प्रकार असेल, तर बहुतेकांचा गोळ्यांनी आटोक्यात राहतो. तीव्र प्रकार निघाला, तर लढाई अवघड."

रिपोर्ट यायचा होता. दवाखान्याच्या बाकावर बसलो की नर्सच्या चपलेचा आवाजही छातीत वाजायचा.

"स्टेजवर तं अस्वलाले दम देता जी," सुमन म्हणाली. "आता काऊन थरथरून राह्यले?"

"त्या अस्वलात आपला गणपत असते. हे खरं हाय."

ती हसली. मग गार झालेल्या चहावर फुंकर घालत राहिली.

"क्रॉनिक मायलॉइडच आहे," डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी कॅन्सरचं नाव ऐकून चक्क हात जोडले. "पण बरं वाटलं म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही," त्यांनी दटावलं.

भीती गेलेली नाही. प्रत्येक रक्ततपासणीआधी ती माझ्याआधी बाकावर जाऊन बसते.

पण या हंगामात पहिल्याच प्रयोगाआधी ठेकेदाराचं धोतर नेसलं, तर ते कमरेवरून घसरलं. गोळ्यांनी पानथरीची सूज ओसरली होती. सुमननं घरून आणलेली उशी काढली.

"घट्ट बांध," मी म्हणालो.

"हलू नका जी."

तिसरी घंटा झाली तरी तिची गाठ बसेना. डोळे पुसल्याशिवाय तिला दोरी दिसत नव्हती. पडद्यापलीकडे अस्वल ताटकळत उभं होतं.