पडद्याआडचं शेंडेनक्षत्र

अठ्ठेचाळीस सालचा कार्तिक मी सांगलीजवळच्या एका माळावर, क्षयरोग्यांच्या दवाखान्यात काढला. धाकटा भाऊ तिथं पडून होता. आई-वडील नव्हते, भावजय बाळंतपणाला माहेरी. तेव्हा साताऱ्याहून मीच उठून आले. आमच्यासारख्या सोबतीच्या माणसांना मागं पत्र्याच्या खोल्या होत्या. तिथं स्वयंपाक करायचा, पाण्यावरून भांडायचं आणि आपल्या माणसाचं बरं चाललंय असं एकमेकींना सांगायचं, एवढाच आमचा उद्योग.

त्या काळी या रोगावर औषध म्हणजे मोकळी हवा. रोगी पूर्वेकडच्या लांब व्हरांड्यात, थंडीतसुद्धा उघड्यावरच झोपायचे. पावसासाठी किंतानाचे पडदे होते. पण पावसाळा सरला की ते एकाच कामाला यायचे. पलीकडच्या वॉर्डात कोणी गेलं की प्रेत आमच्या व्हरांड्यासमोरूनच न्यावं लागे. ते दिसू नये म्हणून पडदे सोडत. दिसत नसे हे खरं, पण कळायचं सगळ्यांना. पडदा पडला की माणसं खोकलासुद्धा दाबून धरायची.

दिवाळी झाली आणि भावाचं जेवण एकदम तुटलं. दूध तसंच राहायचं. मी गेले की पहिला प्रश्न, "अक्का, आज कोण गेलं?"

"कोणी नाही रे."

"तू नेहमी असंच सांगतेस."

ते खरंच होतं. कोणी गेलं तरी आम्ही सगळ्याजणी 'कोणी नाही' असंच सांगत असू. पण या वेळी खरोखरच कोणी गेलं नव्हतं, आणि ते आता पटवायचं कसं?

"मग रोज पहाटे पडदा कशाला सोडतात?" तो म्हणाला.

माझं डोकं तडकलं. दुसऱ्या दिवशी अंधारातच व्हरांड्यासमोर जाऊन उभी राहिले. जतकडचा म्हातारा वॉर्डबॉय पडद्यांच्या दोऱ्या सोडत होता.

"कोण गेलं, मामा?"

"कोन बी न्हाई गेलं, बाई. मागं बघा की."

मी वळले. माळाच्या कडेवर शेंडेनक्षत्र उभं होतं. बुडाशी ठळक तारा आणि त्याच्यावर पांढरं शेपूट, वर वर जात आभाळात विरलेलं. बाकीचे तारे नेहमीसारखे लुकलुकत होते, हे मात्र नुसतं उभं होतं. माझे हात आपोआप जोडले गेले. भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. इतकं मोठं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. भाऊ आठवायलासुद्धा थोडा वेळ लागला.

"लय वंगाळ असतंय ते," म्हातारा म्हणाला. "आजारी मानसानं बघितलं की धीर सुटतोय. म्हनून मीच सोडतोय पडदं. कुनाला सांगू नगासा."

केवढी माया, आणि केवढा घोटाळा! त्याच्यावर ओरडावं की त्याच्या पाया पडावं, कळेना.

"मामा, ही पोरं आत रोज एक मढं मोजतायत," मी म्हणाले.

मी दोरी ओढून पडदा गुंडाळायला लागले. त्यानं अडवलं नाही. थोड्या वेळानं दुसऱ्या टोकाकडून तोही गुंडाळू लागला.

एकेक रोगी उशीवरून उठून बघू लागला. कोणी देवाचं नाव घेतलं, कोणी चक्क हसलं. भाऊ बराच वेळ बघत राहिला.

"म्हणजे हे झाकायला पडदा होता?"

"होय."

"पलीकडची सगळी आहेत?"

"आहेत रे. तुझी शपथ."

मला वाटलं, आता दूध मागेल. पण त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि घोंगडीत तोंड खुपसून रडू लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"अक्का, पडदा पडला की रोज मला बरं वाटायचं," तो म्हणाला. "आज मी नाही, दुसरा कोणीतरी गेला, म्हणून."