आप्पांभोवतीचं मीठ

आप्पा गेल्यावर तिसऱ्या महिन्यात मी उन्हाळ्याच्या सुट्टीला सिरसाळ्याला आले. मी गेवराईला शाळेत शिकवते. या वेळची सगळी सुट्टी आईपाशी काढायची, तिला सोबत होईल, असं मी ज्याला त्याला सांगत होते. आल्यावर कळलं की बाईसाहेबांना माझ्या सोबतीची काही एवढी नड नव्हती. तिला एक सिरियल सापडली होती.

भुतं, पिशाच्चं, राक्षस यांची शिकार करणाऱ्यांची ती सिरियल. परदेशातली, हिंदीत डब केलेली. एक म्हातारा आणि त्याच्या दोन पुतण्या खटारा गाडीतून गावोगाव हिंडतात आणि जिथं काही अमानवी निघेल तिथं त्याचा बंदोबस्त करतात. दुपारी दोनला भाऊ जेवणासाठी आमचं किराणा दुकान बंद करून घरात आला की आई पलंगावर मांडी घालून टीव्हीसमोर बसायची. आयुष्यभर जिनं बातम्यासुद्धा धड पाहिल्या नाहीत ती मला कोणतं पिशाच्च कशानं मरतं ते समजावून सांगायची. मी पडले विज्ञानाची बाई. मला हसू यायचं आणि त्याहून जास्त राग यायचा.

"माय, कावून बघतीस असलं?" मी एकदा विचारलं.

"येळ जातोय," ती म्हणाली. "अन् त्यो म्हातारा लई शाना हाय."

एका दुपारी जो भाग लागला तो मात्र मी मन लावून पाहिला. घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस मरतो. त्याला पुरतात. आणि मग रोज दिवस मावळताना तो आपल्या घराच्या दारात येऊन उभा राहायला लागतो. बायको, मुलं भीतीनं अर्धमेली होतात. शिकारी येतात, थैल्या उघडतात आणि दारात, खिडक्यांत मिठाची जाड रेघ ओढतात. मेलेल्याला मीठ ओलांडता येत नाही, असा त्या सिरियलचा नियमच होता. संध्याकाळी तो माणूस येतो, उंबऱ्यापाशी थबकतो. ओरडत नाही, दात विचकत नाही. खाली रेघेकडे बघतो, मग वर आत उभ्या असलेल्या बायकोकडे बघतो. तिचा हात तोंडावर. संगीत थांबलेलं. कितीतरी वेळ पडद्यावर तेवढंच होतं, एक आत आणि एक बाहेर. मग तो वळतो आणि आल्या वाटेनं निघून जातो. शिकारी एकमेकांच्या पाठीवर थाप मारतात.

इतके दिवस नाक मुरडणारी मी, माझ्या अंगावर काटा आला होता. कुणी सांगितलं असतं की असल्या भंगार सिरियलमध्ये असं काही बघायला मिळेल, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

"आलता बिचारा घरी," आई म्हणाली. "येऊ द्यायचा की."

जाहिराती लागल्या. पडद्यावरची नजर न काढता तिनं विचारलं, "आप्पाला मीठ किती घातलतं?"

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, खड्डा खणून मांडी घातलेल्या अवस्थेत बसवतात. हातात त्याचं इष्टलिंग ठेवतात आणि भोवतीनं भस्म, बेलाची पानं, मीठ घालून माती लोटतात. आप्पांना आमच्याच शेतात बसवलं. आई घरी होती, मी शेतात गेले होते. मीठ आमच्याच दुकानातलं होतं, खडे मीठ. भावानं एक पोतं आणलं होतं आणि ते पुरेसं होतं, असं सगळेच म्हणत होते. मला मात्र ते कमी वाटलं. कुत्री-कोल्ही उकरतील, ही भीती माझ्या डोक्यात बसली होती. मी भावाला मोटारसायकलवर परत पाठवलं आणि दुसरं पोतं आणवलं. मग स्वतः कडेला गुडघ्यावर बसून ओंजळीनं कडेकडेनं सारखं केलं, कुठं मोकळी जागा राहू नये म्हणून. आप्पांसाठी शेवटचं काही नीट केलं, याचं मला तीन महिने समाधान होतं.

खोटं बोलता आलं असतं. पण आईपुढं मला ते कधी जमलेलं नाही.

"दोन पोती," मी म्हणाले.

"चारी अंगानं?"

"हो."

तिनं मान हलवली. "बंद कर ते," म्हणाली. सिरियल अर्धी राहिली होती.

आप्पा होते तेव्हा दिवेलागणीला दुकान भावावर सोपवून घरी यायचे. ते गेल्यावरही त्या वेळेला आई पुढच्या दाराची एक फळी उघडी ठेवायची. वाऱ्यासाठी, असं मला वाटायचं. त्या संध्याकाळी तिनं दिवा लावला, दार लावलं आणि कडी घातली. ती कडी ऐकली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती तीन महिने वाट बघत होती, आणि आता तिला कळलं होतं की त्यांना येता येत नाही. त्यांना येता येऊ नये एवढं मीठ त्यांच्याच लेकीनं स्वतःच्या हातानं घातलं होतं.

पुढचे दोन दिवस ती सिरियलला बसली नाही. दुपारी भाऊ जेवताना ती दुकान उघडं ठेवून गल्ल्यावर बसली होती, तेव्हा एक बाई मीठ मागायला आली. आई म्हणाली, "न्हाई." पोतं तिच्या पायाशी होतं. बाईनं पोत्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि साखर घेऊन गेली.

मी वाद घालून पाहिला. ही लिहिलेली गोष्ट आहे, कुणीतरी बसून तो नियम बनवला, पगार घेतला आणि घरी गेला, असं सांगितलं. शिवाय आपल्यात मेलेलं माणूस शिवात मिळतं. आपल्यात पिंड नाही, कावळा नाही, कुणी परत येण्याची भानगडच नाही. माझा देवाधर्मावर काडीचा विश्वास नसताना मी आईला धर्म शिकवत होते.

"म्हाईत हाय," एवढंच ती म्हणाली.

शेवटी मी धर्मापुरीहून आमच्या स्वामींना बोलावून घेतलं. आप्पांचा शेवटचा विधी त्यांनीच केला होता. जेवण झालं, आई पाया पडली. मी आधीच कानावर घातलं होतं, त्यामुळे त्यांनी आपणहून विषय काढला.

"शिवात मिळालेल्या मानसाला कोण आडवनार, माय? ते सगळीकडं हायेत."

"व्हय," आई म्हणाली. "पन मिठाचं काय व्हतंय ते सांगा, स्वामी."

"मिठाचं?"

"मातीत ऱ्हातंय का इरघळतंय?"

स्वामींनी माझ्याकडे पाहिलं. जन्मात त्यांना असा प्रश्न कुणी विचारला नसावा. "इरघळतंय की," ते म्हणाले. "वल लागली की इरघळतंय."

आईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. स्वामींचं काम झालं, असं समजून मी निर्धास्त झाले आणि सुट्टीतली माणसं झोपतात तशी उशिरापर्यंत झोपायला लागले.

पाचव्या दिवशी सकाळी लवकर जाग आली तर आई घरात नाही. मोरीतली कळशी नाही. भाऊ म्हणाला, "रोज जाती की शेतात. बेलाला पानी घालती." आप्पांच्या डोक्याशी आम्ही बेलाचं रोप लावलं होतं, हे खरं. पण मला बरं वाटेना. मी चपला घातल्या आणि निघाले.

आमचं शेत गावाबाहेर, चालत वीस मिनिटांवर. कडेला मेंढ्या बसवलेल्या धनगराच्या पालातून धूर निघत होता. आई बोअरच्या हौदातून कळशी भरत होती. रोपाचं आळं आधीच ओलं झालेलं होतं. ही कळशी तिनं तिथं ओतलीच नाही. समाधीच्या कडेनं वाकून, बारीक धार धरून, वीतभर पुढं सरकत ती पाणी सोडत होती. थांबायची, माती पाणी पिते का बघायची, मग पुढं. मी जिथं ओंजळीनं मीठ सारखं केलं होतं, बरोबर तिथूनच.

माझा संयम सुटला. "हे काय चालवलंयस? असं पानी घालून आप्पा घरी येनार हायेत का?"

तिनं कळशी खाली ठेवली, कंबर सरळ केली.

"न्हाई येनार," ती म्हणाली. "मी काय येडी हाय? गेलेलं मानूस येत न्हाई. तुजे आप्पा तर जित्ते असताना बी दोनदा हाक मारल्याबिगर जेवाय आले न्हाईत."

"मग?"

"मग काय. ते येवोत न येवोत, त्यांची मर्जी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पर एकांद्या दिशी आलंच त्यांच्या मनात, तर आपल्याकून आडकाठी नको."

जगभर माणसं ज्याच्या भीतीनं दारात रेघा ओढतात, त्याच्यासाठी ही बाई उन्हाळ्यात, गुडघे दुखत असताना, कळशी कळशीनं वाट मोकळी करत होती. तो येणार नाही हे पक्कं ठाऊक असून. आईला मी चाळीस वर्षं ओळखते असा माझा समज होता. त्या सकाळी तिच्यासमोर मला फार लहान वाटलं, आणि तिची लेक असल्याचा फार अभिमानही वाटला.

आपल्याकून, असं ती म्हणाली होती. तुझ्याकून, असं म्हणाली नव्हती.

मी कळशी उचलली आणि हौदाकडे गेले. समाधीची बांधाकडची बाजू अजून सगळी कोरडी होती.