गिरगावातली खाणावळ
बोंबील तळल्याचा वास आला की मला गिरगावातली ती खाणावळ आठवते. शाळेच्या सुट्टीत मी आईबाबांबरोबर साताऱ्याहून मुंबई बघायला आले होते. सकाळी राणीची बाग बघितली, लालबागला आईने मसाला घेतला आणि दुपारी बाबा आम्हाला त्या खाणावळीत घेऊन गेले. वाढायला आलेल्या बाई बाबांना बघून ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "अरे, तू? किती वर्षांनी! आई बरी आहे ना तुझी?" बाबा म्हणाले, "तुमची काहीतरी गल्लत होतेय. मी मुंबईत पहिल्यांदाच येतोय." "असेल," असं म्हणून बाई ताट ठेवून आत गेल्या, त्या पुन्हा बाहेर आल्याच नाहीत. "कोण हो त्या?" आईने विचारलं. "मला काय माहीत?" बाबा खोटं बोलत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं, पण बाईंचा चेहराही खोटा वाटत नव्हता. जेवून बाहेर पडल्यावर मी समुद्राचा हट्ट धरला. आई रस्ता विचारायला कोणी दिसतंय का बघत होती, तोवर बाबा चालायला लागले होते, आणि एकामागून एक गल्ल्या वळत त्यांनी आम्हाला थेट चौपाटीवर आणलं. आता बाबा थकलेत. मुंबईचा विषय निघाला की म्हणतात, "एकदाच गेलो होतो, तुमच्याबरोबर." तेव्हा आई आणि मी एकमेकींकडे बघायचं टाळतो.