स्विचला हात कुणी लावला?

पेटीवरचा दिवा नारिंगी झाला आणि नारिंगीच राहिला. तो हिरवा व्हायला हवा होता. दुपारचे दोन वाजत आले होते आणि चारला संध्याकाळचं दूध यायला सुरुवात होणार होती.

"झालं का भाऊ?" मागून धोंडूमामांनी विचारलं.

"होतंय," मी म्हणालो. होत काहीच नव्हतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मंचरच्या पुढे एक खाजगी दूध प्रकल्प होता. तिथलं नेटवर्क सांभाळण्याचं वर्षाचं कंत्राट आमच्या पुण्याच्या कंपनीकडे होतं. या कंत्राटाला आम्ही एएमसी म्हणतो. दुधाचं वजन आणि फॅट मोजणाऱ्या मशीन एका मोठ्या नेटवर्क स्विचला जोडलेल्या होत्या. स्विच म्हणजे गावातल्या पोस्टासारखी पेटी. कुठल्या मशीनचा निरोप कुठल्या कॉम्प्युटरला द्यायचा हे ती ठरवते. ही पेटी महिन्यातून एकदा तरी अडकायची. मग मॅनेजर गावडेसाहेबांचा फोन यायचा, "अहो, तुमचा डबा परत बसला."

डबा. तिथे सगळे त्याला डबाच म्हणत. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मी ठेवली नाही.

पेटी बनवणाऱ्या कंपनीने नवं फर्मवेअर काढलं होतं. फर्मवेअर म्हणजे पेटीच्या आत कायमचा बसवलेला प्रोग्राम, तिची अक्कल म्हणा. नव्या अकलेत अडकण्याचा दोष काढून टाकला होता. लॅपटॉपवरून फाईल चढवायची, पेटी रीस्टार्ट करायची, तासाभराचं काम. सकाळचं दूध आटोपलं की दुपारी करू, असं ठरलं.

धोंडूमामा तिथले शिपाई. डोंगरातल्या आहुपे गावचे. कितीतरी वर्षं रोजंदारीवर होते. सकाळी मी खोकत आलो तर त्यांनी खिशातून दोन हिरडे काढून माझ्या हातावर ठेवले.

"चघळा. आमच्या रानातलं हाय." मग हळूच म्हणाले, "या म्हैन्यात कायम करत्यात मला. सायबांनी कागद टाइप केलाय. निस्ती सही ऱ्हायली."

त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मीच पेढे कधी म्हणून विचारलं.

बाराच्या सुमाराला मी फाईल चढवायला लावली आणि गावडेसाहेबांबरोबर चहाला निघालो. निघताना मामांना बजावलं, "मामा, काहीही झालं तरी स्विचला हात लावायचा नाही. कुणालाही लावू द्यायचा नाही."

"न्हाई लावत."

पंधरा मिनिटांत लाईट गेली. लोडशेडिंगचे दिवस, त्यात नवल नव्हतं. पेटी यूपीएसवर होती, म्हणजे बॅटरीवर, त्यामुळे तिला धक्का नव्हता. पण तिथली एक रीत होती. लाईट गेली की मामा भिंतीवरची सगळी बटणं बंद करायचे, कारण येताना लाईट दणका देऊन येते आणि पंखे, ट्यूब जाळून टाकते. त्या दिवशी त्यांनी एकही बटण बंद केलं नाही. मी परत आलो तेव्हा ते बटणांच्या बोर्डाला पाठ लावून दरवानासारखे उभे होते. ऑफिसातला क्लार्क चिडला होता.

"बटणं बंद करू देईनात, राव. म्हणे इंजिनिअर सायबांनी स्विचला हात लावू नका म्हणून सांगितलंय."

मला हसू आलं. हसून मी लॅपटॉपकडे वळलो. फाईल चढली होती. मी रीस्टार्ट दिला. दिवा नारिंगी झाला.

तासभर मी हे ना ते करत बसलो. शेवटी कन्सोल केबल लावली. ही केबल पेटी स्वतःशी काय पुटपुटते ते स्क्रीनवर दाखवते. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, ही फाईल जुन्या बूटलोडरला चालत नाही. बूटलोडर म्हणजे मुख्य प्रोग्रामला झोपेतून उठवणारा छोटा प्रोग्राम. आधी तो बदलायचा, मग फर्मवेअर चढवायचं. फाईलबरोबर रिलीज नोट नावाचा कागद येतो, त्यात पहिल्याच पानावर हे छापलेलं होतं. मी तो उघडला नव्हता. दहा वर्षांचा अनुभव होता ना मला!

कन्सोलवरून जुनी फाईल परत चढवायची म्हणजे गोगलगायीला निरोप द्यायला पाठवणं. चार वाजले. गाड्या आल्या. वजनं कागदावर घेता आली, पण फॅटचा आकडा कॉम्प्युटरशिवाय निघेना. कॅन उन्हात उभे राहिले, लोक आरडाओरडा करू लागले. साडेपाचला पेटी जुन्या अकलेवर चालू झाली, तोवर आधी आलेल्या दोन गाड्यांचं दूध नासलं होतं.

मी बाहेर जाऊन पुण्याला आमच्या साहेबांना फोन केला. सगळं खरं सांगितलं.

"आपली चूक लेखी द्यायची नाही," ते म्हणाले. "एएमसी रिन्यूअलला आलंय. लोडशेडिंग झालं होतं ना? कुणी हात वगैरे लावला असेल बघ."

आत गावडेसाहेब हाच प्रश्न विचारत होते. "लाईट गेली तेव्हा डब्यापाशी कोण होतं?"

"मीच व्हतो की," धोंडूमामा म्हणाले.

"हात लावलात?"

"न्हाई सायब. स्विचला हात न्हाई लावला, कुनाला लावू बी दिला न्हाई. लई धूळ बसली व्हती म्हून डबा तेवढा पुसला, निस्त्या फडक्यानं."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. फडक्याने पुसल्यावर स्विच मरत नाही. मरण्याचं कारण माझ्या स्क्रीनवर अजून झळकत होतं. त्या माणसाने माझा शब्द अक्षरशः पाळला होता. त्याच्या भाषेत स्विच भिंतीवर असतो, आणि ते मला ठाऊक होतं. एवढंच बोलायचं होतं.

मी लॅपटॉप बंद केला.

रिपोर्ट इंग्रजीत लिहिला. त्यात एक ओळ अशी होती की अपग्रेड चालू असताना कर्मचाऱ्याने सूचना मोडून उपकरण हाताळले. ओळीतला एकही शब्द पूर्ण खोटा नव्हता. तेवढी हुशारी मला होती. एएमसी रिन्यू झालं.

पुढच्या व्हिजिटला पाणी आणून द्यायला दुसराच माणूस आला. मामांचं विचारलं तर क्लार्क म्हणाला, "त्यांचा कागद साहेबांनी फाडला. कामावरनंच काढलं."

मी पाणी प्यायलो आणि डबा ठेवलेल्या खोलीत गेलो. लाज वाटली, पण ती लाज कुणाच्या उपयोगाची नव्हती.

दोन-तीन वर्षांनी घोडेगावच्या एसटी स्टँडवर मामा दिसले. मी तोंड चुकवणार होतो, पण त्यांनीच ओळखलं. आधी खोकल्याची चौकशी केली. मग म्हणाले, "भाऊ, एक विचारू का? तुमी स्विचला हात लावू नका म्हनला व्हता. मी लावला व्हता का वो?"

"नाही मामा. तुम्ही नव्हता लावला. चूक माझी होती."

मला वाटलं ते शिव्या देतील. त्यांचा चेहरा मात्र उजळला.

"मंग तेवढं गावडेसायबांना सांगा की!"

गावडेसाहेब रिटायर होऊन वर्ष झालं होतं. हे मी मामांना सांगितलं नाही. "सांगतो," म्हणालो. एसटी लागली, ते खिडकीत बसले आणि गाडी हलेपर्यंत माझ्याकडे बघून मान डोलवत राहिले.

आता मी नव्या इंजिनिअरांना ट्रेनिंग देतो. रिलीज नोट पूर्ण वाचा, असं सांगतो, ते वहीत लिहून घेतात. जिथे जाल तिथे त्या पेटीला काय म्हणतात ते आधी विचारा, असं सांगतो, तेव्हा ते हसतात. रिपोर्टमधल्या त्या ओळीबद्दल मी आजवर एकाही वर्गात बोललेलो नाही. धोंडूमामांना दिलेला शब्द राहिलाच, म्हणून निदान इथे लिहितो. स्विचला हात मी लावला होता.